डाव्या हाताची शिवण

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्या हाताने केलेल्या वस्तू, एकदा कुठेतरी नोंद असावी म्हणून:

जेवणाचं टेबल. तीन घड्यांची शिडी. दुकानातला पितळी काटा, ज्यावर एका केसाचं वजन होतं (हिचाच केस घेऊन करून दाखवलं होतं). जुन्या काट्यांच्या तबकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ. बाथरूमचं दार, जे ओल धरून फुगत नाही. पलंग. हिच्या शिवणयंत्राला बसवलेली मोटर. काचेची दोन फुटी टाकी (सध्या तिच्यात कांदे असतात).

यातलं काहीही मी कुणाकडे शिकलेलो नाही. वजनकाटे दुरुस्तीचं दुकानही बघून बघून चालू केलं आणि आज अख्ख्या बाजाराचे काटे माझ्याकडे येतात. आमच्या घरात दुसऱ्याच्या हातची वस्तू येत नाही, असं मी चारचौघांत सांगत असतो. म्हणूनच आजची गोष्ट लिहून ठेवतोय. आज मी दुसऱ्याच्या हातची वस्तू पसंत केली.

काचवाल्याच्या दुकानात चिठ्ठी लावलेली होती. पाच फुटी माशांची टाकी, माशांसकट, विकणे आहे. पत्ता जवळचाच निघाला, दुसरा मजला. घरभर खोकी बांधलेली. बाई सत्तरीच्या, सडपातळ, चष्मा दोरीने गळ्यात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. मुलीच्या शेजारी लहान घर घेतलंय, तिथे टाकी मावत नाही म्हणून विकताहेत.

टाकी पाच बाय दोन बाय दोन. काच बारा मिलिमीटर. मी सरळ गुडघ्यांवर बसलो आणि कोपऱ्याकोपऱ्यातून नख फिरवलं. सांध्यात सिलिकॉनची जी शिवण भरतात ती अशी की जणू एका श्वासात ओढलेली. कुठे फुगवटा नाही, खळगा नाही, बुडबुडा नाही. माझ्या दोन फुटीची शिवण आठवली आणि कान गरम झाले.

बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "मासा बघा ना. सगळे आधी मासाच बघतात."

"मासा नंतर. हे काम कुणाचं?"

"घरीच केलेलं. अकरा वर्षं झाली."

"साहेबांचा हात काय असेल हो!"

बाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर साहेबांचा फोटो होता. टेबलाशी बसलेले, हातात पेन. मी पुन्हा वाकलो. मागच्या खालच्या सांध्यात, अगदी कोपऱ्याजवळ, गव्हाच्या दाण्याएवढी एक गाठ सापडली. असा कारागीर चुकून गाठ ठेवणार नाही. पाण्याचा सगळा दाब तळाशी येतो, तिथे त्यांनी मुद्दाम जास्तीचा माल दिलाय. हे मी बाईंना समजावून सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"आणि शिवण उजवीकडून डावीकडे ओढलीय," मी म्हटलं. "साहेब डावखुरे होते का?"

"घरात डावखुरं माणूस होतं खरं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. आठवणीने हसल्या असाव्यात. चहा दिला. स्वतःचा कप त्या डाव्या हाताने उचलतात. नवराबायकोच्या सवयी एकमेकांना लागतात हे खरंच आहे.

आता मासा. ऑस्कर जातीचा, वीतभरापेक्षा मोठा, काळा, अंगावर विटकरी डाग. काचेपाशी येऊन माझ्याकडे असा बघत राहिला की मला नववीतली न केलेली गणितं आठवली. त्याचं नाव हेडमास्तर. सोबत तळाला चिकटून शेवाळ खाणारा एक मासा, त्याला झाडूवाला म्हणतात.

दातांचे एक डॉक्टर चाळीस हजार द्यायला तयार होते. पण त्यांना दवाखान्यात रंगीत बारके मासे हवेत. "मोठ्याचं काहीतरी करून टाका," म्हणाले. बाईंनी नाही सांगितलं. मला बावीस हजारांत देतात. अट एकच: हेडमास्तर बरोबर न्यायचा आणि महिनाभर त्या येऊन बघणार. मासा नीट नसेल तर टाकी माझ्या खर्चाने परत.

मी घासाघीस केली नाही. चांगल्या हाताच्या कामाला मी करत नाही. मलाच का दिली हा प्रश्न पडला, पण माणसाच्या तोंडावर सचोटी दिसतेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

हिला आज सांगितलं. दोन दिवस योग्य वेळ शोधत होतो.

"बावीस हजारांचं डबकं?" ही म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड. ठेवणार कुठे?"

"खिडकीसमोरच्या भिंतीला."

"तिथे माझं शिवणयंत्र आहे."

"ते सरकेल."

"कुठे सरकेल? माशाच्या पोटात?"

मी कागद घेऊन हिशोब दाखवला. रिकामी टाकी शंभर किलोच्या वर. पाणी पाचशे चाळीस लिटर, म्हणजे पाचशे चाळीस किलो. वाळू, दगड, स्टँड. सगळं मिळून सातशेच्या पुढे. आपण तळमजल्यावर राहतो, जमीन पक्की आहे. ही म्हणाली, "सगळं वजन मोजलंत. खाणार किती ते विचारलंत का?" विचारलं नव्हतं.

हिला एक सांगितलं नाही, ते इथे लिहितो. जन्मभर मी काटे जुळवले. प्रत्येक काटा थोडं तरी खोटं बोलतो. पाणी बोलत नाही. भरलेल्या टाकीतल्या पाण्याची वरची रेघ ही जगातली सगळ्यात खरी आडवी रेघ. ती घरात असावी असं फार दिवस वाटत होतं. दोन फुटी त्यासाठीच केली होती.

९ फेब्रुवारी, रविवार

स्टँड झाला. लोखंडी चौकटी पाइप, सहा पाय, वर मरीन प्लाय, त्यावर फोम. वेल्डिंग दुकानामागे केलं. जोडाला टाका मारताना दुसरं टोक हिने धरलं होतं. सारखं विचारत होती, "सोडू का? हात अवघडला." मी म्हटलं, हललीस तर काटकोन गेला. नाही हलली. काटकोन अचूक आला. लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधे. माझ्या हातून काटकोन चुकत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जिन्याची मापं घ्यायला बाईंकडे गेलो, हीही आली. लिफ्टमध्ये टाकी जात नाही हे मी बाहेरूनच सांगितलं होतं, तरी मापून खात्री केली. जिन्याला दोन वळणं. दुसऱ्या वळणावर चार बोटं जागा उरते. चार बोटं पुष्कळ झाली.

मी टेप घेऊन जिन्यात होतो तेवढ्यात या दोघींची चांगलीच गट्टी जमली. घरात आलो तर टाकीमागचा फिल्टर उघडून बसलेल्या. बाई काळाकुट्ट, चिखलाने भरलेला स्पंज हातात घेऊन हिला काहीतरी समजावत होत्या. ही अशी ऐकत होती की तसं तिने माझं ऐकलेलं मला आठवत नाही.

परतताना ही म्हणाली, "त्यांनी बजावलंय. स्पंज नळाच्या पाण्याने धुवायचे नाहीत. तसेच न्यायचे, टाकीच्याच पाण्यात बुडवून."

"का?"

"त्यात जीव असतो म्हणाल्या."

"घाणीत जीव असतो तो रोगाचा," मी म्हटलं. अकरा वर्षांचा गाळ. साहेबांच्या हातचा शेवटचा म्हणून बाईंना टाकवत नसेल, समजू शकतो. पण माझ्या घरात मी ती घाण आणणार नाही.

"आणि बरं का," ही म्हणाली, "त्या सांगत होत्या, साहेबांनी जन्मात कधी बल्ब बदलला नाही."

मोठ्या कारागिराची किंमत घरात नसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

टाकी आली. सविस्तर लिहितो, कारण असा दिवस पुन्हा पुन्हा येत नाही.

आज मला एक माणूस भेटला, त्याचं कौतुक लिहिल्याशिवाय पुढे जाणार नाही. हमालांचा मुकादम. पोट सुटलेला, एका पायाने किंचित लंगडा. बरोबर चार गडी. आल्या आल्या त्याने टाकीला हात लावला नाही. जिना उतरून गेला, चढून आला, पुन्हा उतरला. मी माझा मापांचा कागद पुढे केला.

"कागद खिशात ठेवा शेठ. जिना पायाला पाठ पाहिजे."

आधी मासे. बाईंनी झाकणाचा निळा पिंप टाकीच्याच पाण्याने अर्धा भरून ठेवला होता. जाळं नको म्हणाल्या, पर फाटतात. बाही वर करून हात पाण्यात घातला आणि हेडमास्तरच्या पोटाखाली तळवा धरला. तो हातावर आडवा झाला, जसा काही रोजचाच उचलून घेतात. पिंपात सोडताना त्याला हळूच म्हणाल्या, "जा. तिकडे वर्ग मोठा आहे."

मी दुसरीकडे बघितलं. मुकादमही.

मग वाळू, दगड, फिल्टर निघाले. टाकी रिकामी झाली, खाली फळी गेली, पट्टे बांधले. मुकादम म्हणाला, "आता कुणी बोलायचं नाही. काच बोलते, आपण ऐकायचं. मी एकटाच बोलणार." आणि खरंच, दोन मजले उतरेपर्यंत त्याच्या आवाजाशिवाय आवाज नव्हता. "डावा खाली. थांब. श्वास घे. उजवा ये." दुसऱ्या वळणावर चार बोटं जागा असायला हवी होती. दोनच निघाली. कठड्याची मूठ मी मापात धरली नव्हती. मुकादमाने टाकी कठड्यावरून उचलून, तिरकी करून, अशी अलगद फिरवली की झोपलेलं पोर कुशीवर वळवावं. काच कुठेही टेकली नाही. खाली आल्यावर तो म्हणाला, "आता बोला," आणि चारही गडी एकदम शिव्या द्यायला लागले. मी त्यांना ठरल्यापेक्षा जास्त दिलं.

टेम्पोत मागे पिंपाजवळ ही बसली. झाकणाला हात लावून सगळा रस्ता त्याच्याशी बोलत आली. एक गडी म्हणाला, "शेठ, पिंपात मासा आहे का सासूबाई?"

आमच्या दारात एक गोंधळ झाला. स्टँड मी आधीच भिंतीला लावून ठेवला होता, त्यामुळे आत टाकी वळेना. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं. ही सकाळीच म्हणाली होती म्हणे, स्टँड आधी मधे ठेवा. म्हणाली असेल.

संध्याकाळी मी फिल्टर धुतला. सगळे स्पंज गरम पाण्यातून काढले, तीन वेळा पिळले, नळाखाली धरले. पिवळे धमक झाले, नव्यासारखे. एक स्पंज कमी वाटला, तिकडेच राहिला असेल. वाळू तांदळासारखी धुतली. बाईंनी दिलेलं जुनं पिवळट पाणी ओतून दिलं आणि दोन दिवस मुरवलेलं स्वच्छ पाणी भरलं. ही दोनदा म्हणाली, "अहो, बाई म्हणाल्या होत्या." मी म्हटलं, बाईंच्या घरी बाई, आपल्या घरी आपण.

दिवा लावला. पाण्याची रेघ बघितली. दोन्ही टोकं केसभरही वरखाली नाहीत. साहेबांच्या चार कडा आणि माझा स्टँड, जणू एकाच हाताने केलेले. साहेब असते तर चहाला बोलावलं असतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

हेडमास्तर तळाशी एका कुशीवर पडून आहे. खात नाही. पुस्तकात बघितलं, ऑस्कर जागा बदलली की रुसतात, आडवे पडून राहतात. रुसला आहे. शाळा बदलली की पोरंही असंच करतात.

बाथरूममध्ये वॉशिंग मशीनच्या मागे कसली तरी घूं घूं येते. मशीन बंद असतानाही. उद्या बघतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रुसवा नाही. आज तो पाण्याच्या वर तोंड काढून हवा ओढत होता. कल्ल्यांच्या कडा लाल झाल्यात. अंगावरचे विटकरी डाग विझल्यासारखे. पाणी मात्र आरशासारखं नितळ. मी पुन्हा पुन्हा दिवा लावून बघितलं, इतकं स्वच्छ पाणी त्याने आयुष्यात बघितलं नसेल.

माशांच्या दुकानातून औषध आणलं. पाणी निळं झालं, फरक काही नाही.

बाई परवा येणार. ही म्हणाली, आजच फोन करा. मी म्हटलं, दोन दिवसांत मी ताळ्यावर आणतो. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काटा बिघडला तर लोक तुमच्याकडे येतात ना? कमीपणा मानतात का?"

टाकी परत द्यावी लागेल ही भीती होतीच. पण खरी गोष्ट अशी की मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो आणि तो हवा ओढता ओढता माझ्याकडे बघत होता. त्या बघण्यात गणित नव्हतं. तो मला काहीतरी विचारत होता आणि मला येत नव्हतं.

दुपारी ही दुकानात येऊन, बाईंना लावायला म्हणून माझ्या समोरून फोन घेऊन गेली. मी अडवलं नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाई सकाळीच आल्या. चप्पल काढली आणि सरळ टाकीशी गेल्या. पाण्याचा वास घेतला. फिल्टरचं झाकण उचललं, पिवळे धमक स्पंज बघितले.

"कुणी धुतले?"

"मी," मी म्हटलं.

"कशाने?"

"गरम पाण्याने. तीन वेळा."

बाईंनी डोळे मिटले. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "काटेवाले, तो खातो, घाण करतो, त्या घाणीचं विष होतं. ते विष खाऊन टाकणारे बारीक जीव त्या चिखलात राहतात. तुम्ही त्याचा अख्खा स्वयंपाकी-सफाईवाला नोकरवर्ग उकळून टाकलात. तो आठवडाभर आपल्याच विषात बसलाय. पाणी नितळ दिसतंय म्हणून काय झालं?"

अती शहाणा त्याचा बैल रिकामा. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. म्हटलं, "आता?"

"अर्धं पाणी बदलू. रोज बदलू. पण नोकरवर्ग नव्याने जमायला महिना लागतो. तेवढा तो..." बाई थांबल्या. एक तरी जुना स्पंज असता, म्हणाल्या.

"आहे," ही म्हणाली.

आणि बाथरूममधून बादली घेऊन आली. वॉशिंग मशीनमागची. जुनं पिवळट पाणी, त्यात काळाकुट्ट चिखलाचा स्पंज, आणि वर घूं घूं करणारा चिमुकला हवेचा पंप. बाईंनीच दिला होता. सोळा तारखेला मी वाळू धुण्यात गुंग असताना हिने एक स्पंज उचलून लपवला होता, आणि रोज चिमूटभर माशाचं खाणं त्यात टाकत होती, त्या जिवांना उपास घडू नये म्हणून.

बाईंनी हिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास गं माझी राणी!"

माझ्याकडे कुणी बघितलं नाही. ते बरं झालं.

मग बाईंनी पदर खोचला. नळी लावून पाणी काढलं, स्पंज फिल्टरमध्ये बसवला, आणि पाणी निम्म्यावर आलं तेव्हा सवयीने एका हाताने टाकीचे सांधे चाचपायला लागल्या. प्रवासात काही सुटलं नाही ना. उजवीकडून डावीकडे. नख लावून. डाव्या हाताचं. अगदी मी फिरवलं होतं तसं, पण मी शोधत होतो, त्या ओळखत होत्या. मागच्या खालच्या कोपऱ्यात बोट थांबलं.

"आणि ही तुमची गाठ," म्हणाल्या. "जास्तीचा माल दिलेली." हसू दाबत होत्या. "इथे मला शिंक आली होती."

नळीतून पाण्याचा आवाज येत होता. मी हातात बादली धरून उभा होतो. ही स्वयंपाकघरात पळाली. तिथून तिचं हसणं ऐकू आलं, तोंडात पदर कोंबल्यासारखं.

२३ फेब्रुवारी, रविवार

फेब्रुवारीची पानं वाचली. दुसऱ्या तारखेपासून सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. डावा कप, फोटोतल्या साहेबांच्या उजव्या हातातलं पेन (हात उजवा हे तर मी लिहिलंही नाही, पण दिसलं होतं), बल्ब. केसाचं वजन करणारा माणूस मी.

हिला विचारलं, "तुला कधी कळलं?"

"पहिल्या भेटीत. त्यांची बोटं बघितली की."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी सांगणारच होते. त्याच नको म्हणाल्या. म्हणाल्या, अकरा वर्षांत त्या शिवणीकडे कुणी वाकून बघितलं नाही, हा माणूस इतकं मनापासून बोलतोय, बोलू दे की. साहेबांच्या नावाने का होईना."

हेडमास्तर आज वर तोंड काढत नाही. तळाशी आहे, पण उभा.

२ मार्च, रविवार

खाल्लं! बाईंच्या हातून दोन गोळ्या, मग माझ्या हातून एक. माझं बोटही चाखून बघितलं. विटकरी डाग परत निखाऱ्यासारखे लाल झालेत. झाडूवाला काचेवर चिकटून आपलं काम करतो आहे, त्याने या सगळ्या भानगडीत एक दिवस सुट्टी घेतली नाही.

चहा घेताना शेवटी विचारलंच, चाळीस सोडून बावीसला मला का दिली. सचोटीबद्दल ऐकायला मी तयार होतो.

"डॉक्टर आले ते भिंतीचं माप घेऊन आले. टाकीत काय आहे, कशी आहे, बघितलंच नाही. तुम्ही गुडघ्यांवर बसलात," बाई म्हणाल्या. मग सांगितलं. एक्स्चेंजमध्ये दिवसभर तारा या भोकातून त्या भोकात. हात बारीक कामाला बसलेला. टाकी करायची म्हटल्यावर काचवाल्याने विचारलं, साहेब कधी येतील. सिलिकॉनवाला म्हणाला, साहेबांना द्या फोन. साहेब बिचारे पाण्याला भ्यायचे. पण बाई शिवण ओढत असताना बाजूला बसून त्यांनी पुसायच्या सुती चिंध्या हातात दिल्या, एक एक करून, न बोलता. "तेवढं त्यांचंही काम आहे हं त्यात," म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं, मला शिकवाल का? ही खोलीतच होती. हिच्या सुईतून दोरा निसटला.

९ मार्च, रविवार

पहिला धडा. काचवाल्याकडून तुकडे आणले, जेवणाच्या टेबलावर पसरले. दोन फुटीतले कांदे टोपलीत गेले.

"दाबू नका. ओढा. श्वास आत घेऊन थांबायचं, मग श्वास सोडत सोडत न्यायचं, आणि श्वास संपेल तिथे सांधा संपला पाहिजे."

माझा श्वास अर्ध्यात संपला. बाईंनी चष्मा लावून बघितलं. "गांडूळ," म्हणाल्या. दुसरी शिवण. "आजारी गांडूळ." पाचवीला काही म्हणाल्या नाहीत, ती माझी आजवरची सगळ्यात चांगली शिवण आहे. चिंध्या ही देत होती.

पहिल्या पानावरच्या यादीत थोडी भर घालायची आहे. टेबल: दुसरं टोक हिने धरलं. शिडी: तेच. पलंग: तेच, आणि पॉलिश हिचं. बाथरूमचं दार: बिजागरीच्या वेळी दोन तास खांद्यावर धरून हीच उभी होती. केसाबद्दल लिहिलेलंच आहे.

१६ मार्च, रविवार

महिना झाला. बाईंनी हेडमास्तरला समोरून, बाजूने, मागून बघितलं. तो त्यांच्याकडे बघत होता. कोण कुणाची परीक्षा घेतंय कळेना.

"टाकी तुमची," म्हणाल्या.

मी म्हटलं, रविवार चालू राहू दे. म्हणाल्या, गांडूळं सुधारेपर्यंत तरी यावंच लागेल.

शिवणयंत्र आता टाकीला लागून आहे. मशीन चालू झालं की हेडमास्तर त्या कोपऱ्यात येऊन सुईवर नजर ठेवतो. ही म्हणते, टाका वाकडा गेला तर पर आपटतो.

१९ मार्च, बुधवार

दातांचे डॉक्टर घरी आले. काचवाल्याने पत्ता दिला. यावेळी त्यांनी टाकी बघितली, समोर बसून बघितली. मासाही बघितला, म्हणाले, असाच ठेवू, पेशंटना आवडेल. माणूस वाईट नाही.

"काम सुंदर आहे. कुणी केलं?"

"बाईंनी," मी म्हटलं. "ज्यांच्याकडे तुम्ही भिंतीचं माप घेऊन गेला होतात."

त्यांनी आकडा सांगितला. टेबलावर हात फिरवत म्हणाले, "हे तुम्ही केलंय म्हणे. मग अडचण काय? असा हात असताना स्वतःसाठी नवी करा की एक."

मी टाकीकडे बघितलं. मागच्या खालच्या कोपऱ्यातली गाठ खुर्चीवरूनही दिसते, कुठे बघायचं ते माहीत असेल तर.

म्हटलं, "अशी शिवण मला येत नाही."

शिवणयंत्र थांबलं. डॉक्टर गेल्यावर हिने उठून माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

डॉक्टरांनी देऊ केलेली रक्कम: नव्वद हजार, रोख, हमाली त्यांची. नको म्हटलं.